दोन खुराड्यांतला पंक्तिप्रपंच

बाबा, तुमचा कोंबड्यांचा प्रयोग फसला नव्हता. मी तो बिघडवला होता. तुम्ही होतात तोवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

भोपाळच्या टाउनशिपमधलं आपलं क्वार्टर, मागच्या अंगणात जाळीची दोन खुराडी, प्रत्येकात दहा पिल्लं. एकीकडे नुसतं खाद्य, दुसरीकडे तेच खाद्य आणि त्यात सावलीत वाळवून कुटलेला शेवग्याचा पाला. पाल्यानं पिल्लं निरोगी राहतील, लवकर भरतील, असं तुम्ही कारखान्यात सगळ्यांना सांगून बसला होतात. मी एकदा म्हटलं, लसूणही घालू या, तर केवढे रागावलात. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशानं काय झालं ते देवालाही कळत नाही." फोरमनचा खाक्या घरीही तोच. शेजारच्या काकू, शेवग्याला मुनगा म्हणणाऱ्या, कुंपणावरून विचारायच्या, "भाईसाब, मुर्गियों को मुनगा खिला रहे हो, हमें कब खिलाओगे?" तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "पहले तौल तो होने दो."

तुम्ही पहिल्या पाळीला गेलात की खाद्य घालायचं काम माझं. मी सोळा वर्षांची. साध्या खुराड्यातली पिल्लं जाळीला चिकटून पलीकडचं हिरवं खाद्य बघत उभी राहतात आणि मला ते बघवत नाही. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नाही, हे पाप, असं घरात तुम्हीच शिकवलेलं. मी रोज त्यांनाही मूठभर पाला घालत गेले. सहाव्या आठवड्यात तुम्ही एकेक पिल्लू पिशवीत घालून ताणकाट्याला टांगलंत. दोन्हीकडची वजनं सारखीच. "फरक नाही," एवढंच म्हणालात आणि उरलेला पाला गुलाबाच्या वाफ्यात ओतलात. कॅन्टीनमध्ये आठवडाभर चेष्टा झाली, ती हसून घेतलीत, पण पुन्हा कधी काही करून बघितलं नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे मी जनावरांची डॉक्टर झाले आणि कोंबड्यांच्या खाद्यातच रमले. आता हळद, लसूण, ओवा, सगळं खाद्यात घालून बघतात. कुणी म्हणतं औषधं कमी लागतात, कुणी म्हणतं पोट सुधारतं पण वजन तेवढंच. शेवग्याचा पाला जास्त झाला तर उलट वाढ मंदावते. मग माझी मूठ नक्की केवढी होती? आणि तुमचं प्रमाण तरी बरोबर होतं का? कितीतरी वर्षं हेच डोक्यात घोळत होतं. शेवटी यंदा, इथे भोपाळातच, बाग सेवनियातल्या माझ्या घरापासून थोडं पुढे एका शेडमध्ये तुमचाच प्रयोग पुन्हा मांडला. एकच गोष्ट बदलली. साध्या गटाकडे मी फिरकलेसुद्धा नाही.

उद्या वजनं करायची आहेत. पाल्याच्या बाजूनं फरक निघाला, तर तुमचं म्हणणं खरं होतं आणि ते मी तुमच्यापासून हिरावलं. म्हणून, एवढी शिकलेली बाई असून, फरक निघू नये असंच मला मनातून वाटतं आहे. पुन्हा माझ्या हातून काही बिघडायला नको, म्हणून उद्या काट्यापाशी मी उभी राहणार नाही.