एक जूनची मुलं

१२ जाने. ८७
रस्त्याकडचा फळा पुसून नवा लिहिला. शिष्यवृत्ती परीक्षेची तारीख, बायकांसाठी शिवणयंत्राची योजना, गणवेश कुणाला मिळणार ते. खडू ओला होता, अक्षर बेंगरूळ आलं. गावात वाचता येणारे थोडे, आणि येतं ते वाचत नाहीत. तरी दर सोमवारी मी लिहिते. अक्षर बरं म्हणून हे काम गळ्यात पडलं, आता आठ वर्षं झाली. फाट्यावर बस चुकली. नाशिकरोडला पोचेस्तोवर अंधार.

१९ जाने.
हेडगुरुजींच्या टेबलावर एक परिपत्रक सापडलं. त्यावर चहाचा पेला ठेवून ठेवून गोल डाग पडलेला. जिल्ह्यात सरकारची नवी निवासी शाळा निघते आहे, सहावीपासून पुढे. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट. पाचवीच्या मुलांची परीक्षा घेऊन निवडणार. फॉर्म २७ फेब्रु.पर्यंत. पत्र आलंय डिसेंबरात.
"आपल्या शाळेतून कोण जाणार आहे बाई?" असं म्हणाले.
मला एकच नाव सुचलं. सुजाता साळवे. माझ्याच वर्गात, पाचवीत. गणित सांगून होण्याआधी हिचं उत्तर तयार, आणि वर मला विचारते, बाई दुसऱ्या रीतीनं करू का. बाप रामदास एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे राख उपसतो. आई शांताबाई द्राक्षबागेत. सातवीनंतर ही पण बागेत जाणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मलाही होतं.

२२ जाने.
फळ्यावर लिहिलं तर गावभर भलतंच झालं. एकजण म्हणतो शाळा ओझरला, विमानाच्या कारखान्याजवळ, पोरांना विमान चालवायला शिकवणार. दुसरा म्हणतो पोरं एकदा नेली की अठरा वर्षं देत नाहीत. तिसऱ्याचं म्हणणं मुलींना घेतच नाहीत. परिपत्रक तीनदा वाचलं. मुलींना घेतात. शाळा नक्की कुठे ते मात्र त्यात लिहिलेलंच नाही. मग मी तरी काय सांगणार? काही बाही सांगितलं.

२४ जाने.
पाचवीतल्या त्यातल्या त्यात बऱ्या नऊ मुलांच्या घरी जाऊन आले. आठ घरांतून नकार. कुणी हसून दिला, कुणी चहा पाजून. साळव्यांकडे शेवटी गेले. शां.बाई म्हणाली, "जय भीम बाई, या." मी नमस्कार म्हणाले, नेहमीसारखं.
रामदास उंबऱ्याशी बसून ऐकत होता. "पोरगी एकटी ऱ्हाणार म्हणता?"
शां.बाई आतून बोलली. "बागेत बी एकटीच वाकून ऱ्हाते मी. जाऊ द्या तिला."
तो हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. सुजाता तेवढ्यात फॉर्म दोनदा वाचून मोकळी झाली होती.

२ फेब्रु.
घोळ. फॉर्म भरायला घेतला आणि वयाची अट वाचली. जन्म १ जुलै ७६ नंतरचा हवा. जनरल रजिस्टर काढलं. साळवे सुजाता रामदास, जन्म १ जून १९७६.
एक महिना.
मग सहज बाकीची नावं बघत गेले. माझ्या वर्गात तीस मुलं. त्यातल्या बावीस जणांचा जन्म १ जून. सगळं गाव त्या दिवशी बाळंत झालेलं दिसतं. हसू आलं. लगेच गेलं, कारण अक्षर माझं आहे.

३ फेब्रु.
बसमध्ये आठवत बसले. ८२ चा जून. शां.बाई काखेत पोर घेऊन आली होती. "घरी बघायला कोणी नाय, बांधावर ठिवली तर इच्चूकाट्याची भीती. घ्या बाई हिला शाळंत." पोर एवढीशी. वय विचारलं तर आई म्हणाली, पाच असंल, सहा असंल. मी सरळ सहा पुरी करून १ जून टाकलं. सगळेच टाकतो. शाळा जूनमध्ये उघडते, एक तारखेला वय पुरं झालेलं असलं की कुणी विचारत नाही. त्या दिवशी मी फार भलं केलं असं मला वाटलं होतं. घरी येऊन यांना सांगितलंही होतं.

५ फेब्रु.
हेडगुरुजींना म्हटलं, तारीख दुरुस्त करू. ते बागलाणकडचे, चिडले की अहिराणीवर येतात. "हाई मना काम नई शे बाई." मग मराठीत, सावकाश: रजिस्टरमध्ये खाडाखोड म्हणजे नोकरी गेली. वरून मंजुरी हवी. मंजुरीला पुरावा हवा. पुरावा म्हणजे जन्माच्या नोंदीचा उतारा.
"आणि नोंद नसेल तर?"
"तर ती १ जूनलाच जन्मली."

९ फेब्रु.
शाळा सुटल्यावर साळव्यांकडे. शां.बाई बागेतून आली नव्हती, द्राक्षतोडणीचं काम आहे. रामदासलाच विचारलं, सुजाता कधीची?
"आणीबाणीतली. नसबंदीवाले गावोगाव फिरायचे, मी उसात झोपायचो. तवा झाली."
जरा वेळाने, "नाय नाय. आणीबाणी उठली तवाची."
मग, "तिच्या आईला इचारा."
बाप आहे का कोण आहे, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. काही का असेना, नसबंदीचा जोर ७६ च्या पावसाळ्यातला, म्हणजे दोन्ही हिशेबांनी ती ७६ च्या जुलैनंतरचीच ठरते. म्हणजे पोर बसते परीक्षेला. फक्त कागद हवा.

१३ फेब्रु.
अर्धी रजा टाकून पंचायत समितीत गेले. शिक्षण खात्याचे साहेब भले वागले, बसा म्हणाले. सिव्हिलच्या डॉक्टरचा वयाचा दाखला चालेल का, विचारलं. "तो अंदाजे वय देतो हो. फॉर्मला तारीख लागते. उतारा आणा, त्याच दिवशी सही करतो." बाहेर येऊन ऊन खात उभी राहिले. एवढं सोपं आहे तर मला इतकं का घाबरायला होतंय, कळेना.

१७ फेब्रु.
सापडली!
ग्रामसेवकाने जुनी वही काढून दिली, धूळ माझ्याच पदराने पुसली. ११ ऑक्टो. १९७६. बापाचं नाव रामदास, आडनाव साळवे, मुलगी. नावाचा रकाना रिकामा. नावं नंतर ठेवतात, वहीत भरायला कोण येतो? त्याने तिथल्या तिथे नक्कल केली. सही-शिक्का सरपंच आले की. बसमध्ये उभं राहून आले तरी पाय दुखले नाहीत. यांना शिरा करून घातला. "परीक्षा तुझी आहे का?" म्हणाले.

१८ फेब्रु.
काय लिहू.
नक्कल घेऊन साळव्यांकडे गेले. शां.बाई मेथी निवडत होती. सुजाता पाण्याला गेलेली. मी मोठ्याने वाचून दाखवलं, मुलगी, अकरा ऑक्टोबर शहात्तर. ती निवडतच राहिली. मला वाटलं ऐकलं नाही, म्हणून परत वाचलं.
"ती ही नव्हं बाई. ती थोरली."
थोरली कुठली, म्हटलं.
"तीन महिन्याची होऊन गेली. ही दुसऱ्या साली, माझ्या माहेरी झाली. सिन्नरकडं. पाऊस सरता सरता."
सुजाताला यातलं काही माहीत नाही. मी पाच वर्षं त्या घरी जाते, मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात पोरगी हंडा घेऊन आली आणि शां.बाईने मेथीच्या काड्या उचलून बाहेर टाकल्या. मी नक्कल पिशवीत घातली.

१९ फेब्रु.
हिशेब मांडला. सुजाता ७७ च्या पावसाळ्याअखेरची. म्हणजे ८२ च्या जूनमध्ये पाचही पुरी नव्हती. मी तिला सहाची केली, आणि ती माझ्यापुढे बसून दरवर्षी पहिली आली. खरं वय अटीत बसतं, अगदी आरामात. कागद नाही. जो कागद आहे तो तिचा नाही. तारीख खरी आहे, मुलगी दुसरी आहे. डोकं चालत नाही.

२१ फेब्रु.
शां.बाईचा भाऊ माहेरच्या ग्रामपंचायतीत विचारून आला. ७७ चं दप्तर वाळवीने खाल्लंय. यांना सगळं सांगितलं. आधी म्हणाले, पोरीचं कल्याण होतंय ना, मग जोड ती नक्कल. जेवण झाल्यावर म्हणाले, तू यात पडू नकोस. दोन्ही एकाच तोंडाने.
मला भीती वाटते. नोकरीची वाटते, खोटं कशाला बोलू. पण तेवढीच नाही. त्या बाईच्या मेलेल्या पोराचा एवढाच कागद जगात आहे, आणि तो मी दुसरीकडे लावणार.

२३ फेब्रु.
मधल्या सुट्टीत शां.बाई शाळेत आली. अर्धा दिवस खाडा करून. आत येईना, फळ्यापाशीच उभी. वाचता येत नाही तरी फळ्याकडे बघत होती. मी गेले.
"लिवा बाई. थोरलीचीच तारीख लिवा."
मी म्हटलं, बाई, तुम्हाला सही करावी लागेल. ही मुलगी म्हणजे सुजाताच, असं लिहून.
"करते. सुजीनं शिकवली मला सही." मग म्हणाली, "नाव ठिवलं नव्हतं तिचं. बारसं ऱ्हाऊन गेलं. मी मनातल्या मनात हाक मारायचे, पण ते काय नाव नव्हं."
काय हाक मारायची ते मी विचारलं नाही.
वर्गात बसवून सही घेतली. शां आणि ता यांच्यात एवढं अंतर, मध्ये आणखी एक अक्षर मावेल. उठताना तिने विचारलं, "मेल्याचं बी लिवलेलं असतं का तिथं?"
असतं, म्हटलं. लिहिलं असेल तर.
"आमी सांगितलं होतं का, ते याद येत नाय."

२५ फेब्रु.
नक्कल परवा सहीला देऊन आले होते, आज शिक्का घ्यायला ग्रामसेवकाकडे. सरपंचांची सही झाली होती. ती वही अजून टेबलावरच होती. ग्रामसेवक तंबाखू थुंकायला बाहेर गेला. मृत्यूच्या नोंदी त्याच वहीत मागच्या बाजूला. तीन महिने म्हणजे जानेवारी ७७. दोन-चार पानं चाळली की कळलं असतं. नोंद असेल तर उद्या साहेबांपुढे ही नक्कल ठेवणं म्हणजे जाणूनबुजून. नसेल तर त्या पोरीचं मरणसुद्धा कुणी लिहिलेलं नाही. यातलं मला काय हवं होतं, ते आत्ताही सांगता येत नाही.
तो आत आला. मी वहीला हात लावला नव्हता.

२६ फेब्रु.
साहेबांनी खरंच त्याच दिवशी सही केली. हेडगुरुजींनी रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती केली, खाली माझी सही. फॉर्म हातोहात दिला, पोच घेतली. रामदास शाळेच्या दारात उभा होता, कामावरून तसाच आलेला, भुवयांवर राख. "झालं का?" म्हणाला. झालं. त्याला शां.बाईने किती सांगितलंय, ठाऊक नाही.

१० एप्रिल
प्रवेशपत्र आलं. सुजाताने वर्गात उभं राहून वाचलं: नाव, नंबर, केंद्र, जन्मतारीख. पोरं म्हणाली, ए, तुझी एक जून गेली. भाव खात होती.
सुटताना जवळ आली. "बाई, माझी आई म्हणाली, अकरा ऑक्टोबरला गोड करू. आधी कधी केलं नव्हतं."
मी म्हटलं, प्रवेशपत्राची घडी घालू नकोस, वहीत ठेव.

३ मे
परीक्षा झाली. मीच घेऊन गेले होते. बाहेर येऊन म्हणाली सगळं सोपं होतं, एकच चुकलं असेल. कुठलं ते सांगितलं. मी बसमध्ये सोडवून बघितलं, तिचं बरोबर होतं, माझंच चुकलं.

१५ जून
शाळा उघडली. निकाल जुलैत, असं साहेब म्हणतात. हेडगुरुजी म्हणतात ऑगस्ट. निवड झाली तर मूळ कागद पुन्हा तपासणार, असं नवीन पत्र आलंय, त्यात काय काय ते लिहिलेलं नाही. सकाळी फळा पुसला आणि काय लिहावं सुचेना. "पहिलीचे प्रवेश सुरू" एवढंच लिहिलं.
दुपारी नाव घालायला माणसं आली. शेवटी वस्तीवरची एक बाई, बोटाला पोरगी. नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं. जन्मतारीख? म्हटलं.
"काय की बाई. तुमीच घाला कायतरी."
सुजाता तिथेच उभी होती, निकाल आला का विचारायला आलेली. ती त्या बाईला म्हणाली, "आठवा ना मावशी. माझ्या आईला पण आधी आठवत नव्हती. मग आठवली."
बाई हसली. विचार करू लागली. मी पेन उघडून बसले होते. बराच वेळ झाला तशी म्हणाली, उद्या सासूला विचारून येते.
पोरीला वर्गात बसवून घेतलं. रकाना कोरा ठेवलाय.