देवमण असलेलं शिंगरू

आबा, तुमच्याबद्दल गावात अजून चांगलं बोलतात आणि त्याचा मला संताप येतो. परवा मासळीबाजारात एका म्हाताऱ्यानं मला अडवलं. "तुम्ही टांगेवाल्याची मुलगी ना? काय घोडा ओळखायचा तुमचा बाप! तसा माणूस पुन्हा झाला नाही." मी बांगडे पिशवीत टाकले आणि म्हटलं, "झाला नाही तेच बरं." तो हसला. चाळीस वर्षं शाळेत काढल्यावर एवढं मला कळलंय, की बाईमाणूस खरं बोललं की लोक हसतात.

तुम्हाला घोडा कळत होता, हे मी नाकारत नाही. पण जेवढा कळत होता त्याच्या दुप्पट कळतो असं तुम्हाला वाटायचं, माझं भांडण त्याच्याशी आहे. बंदरावर आगबोट लागली की उतारू गावात आणायचे आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टरना लागेल तिथे न्यायचं, हा तुमचा धंदा. त्या सिस्टरनीच मला फीशिवाय शाळेत घेतलं. तुम्ही मात्र "पोरीला मी शिकवली" म्हणत जन्मभर छाती काढून हिंडलात. तुम्ही मला शिकवलेली एकच गोष्ट मला आठवते, ती म्हणजे दाव्याची गाठ. घोडीनं कितीही ताण दिला तरी सुटत नाही, आणि मोकळं टोक ओढलं की एका हिसक्यात सुटते. "तबेल्याला आग लागली तर बाईमाणसालापण सोडता आली पायजे," असं म्हणाला होतात. शिकवतानाही टोमणा.

त्या वर्षी आपली घोडी गाभण होती. गावात मोटारी सुरू झाल्या होत्या, टांग्यातली माणसं कमी होत होती आणि तुमचा सगळा जीव त्या होणाऱ्या शिंगरावर होता. सिस्टरमधली एक तिच्या देशात शेतावर वाढलेली होती. टांग्यातून उतरली की आधी घोडीच्या पोटाला हात लावायची आणि मग मला मोडक्या मराठीत सांगायची, "एक तासात उभं. दोन तासात दूध. पहिलं दूध, पिवळं, घट्ट. तेच औषध. ते चुकलं, सगळं चुकलं." प्रार्थनेसारखं माझ्याकडून म्हणून घ्यायची.

फेब्रुवारी संपत आलाय. उजाडता उजाडता घोडी व्यालीय. तांबूस, ओलंचिंब शिंगरू, पाय बांबूच्या काटक्यांसारखे. तीनदा पडतं, चौथ्यांदा उभं राहतं, अजून तास झालेला नाही. मी टाळ्या वाजवते. ते तोंड पुढे करून आईकडे निघतं आणि तुम्ही मध्ये येता. घोडीला ओढून पलीकडच्या खांबाला बांधता आणि मध्ये आडवा बांबू लावता.

"आबा, त्याला पिऊ द्या ना."

"आधी भोवरे बघू देत. गोम निघाली तर?"

गोम म्हणजे घोड्याच्या अंगावरचा केसांचा वाईट भोवरा, मालकाला खाणारा. गळ्यावरचा देवमण तेवढा भाग्याचा. ओल्या केसांत यातलं काहीच दिसत नाही, आणि ही पारख करणारा म्हातारा राहतो खाडीपलीकडे.

"एकदा लुचलं की घोडी त्याला सोडायची नाय. मग गोम निघाली तर काय गळ्यात बांधून घेऊ?"

"सिस्टर म्हणतात, दोन तासांत पहिलं दूध..."

"तुझ्या मडमेची घोडी कुठं व्याली होती गो? मला शिकवतेय! मी येईस्तोवर दाव्याला हात लावलास तर बघ."

आणि तुम्ही म्हाताऱ्याला आणायला निघून गेलात. शिंगरू टांग्याच्या चाकापाशी गेलं आणि चाकाचा तुंबा, मधला लाकडी गड्डा, चोखायला लागलं. तोंडाभोवती काळं वंगण. बांबूपलीकडे घोडी खूर आपटत होती आणि तिचा पिवळा चीक थेंब थेंब मातीत गळत होता.

ओहोटीनं होडी चिखलात बसली म्हणे. मी शाळेतून घरी आले तेव्हा तुम्ही नुकते पोचला होतात. शिंगरू आडवं पडलं होतं. म्हाताऱ्यानं त्याच्या गळ्यावर अंगठा फिरवला आणि ओरडला, "देवमण हाय! राजाघरचा घोडा हाय तुझा!" तुम्ही शेजाऱ्यांना गूळ वाटलात. मग बांबू काढलात, घोडी सोडलीत आणि शिंगराला धरून तिच्यापाशी उभं केलंत. त्याला चोखताच येईना. चिंधीनं तोंडात दूध पिळलं, ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. मी कान धरून पाहिले, गार होते. तिसऱ्या दिवशी गुडघे सुजले, नाळेतून पू यायला लागला. चौथ्या दिवशी ते गेलं. तुम्ही म्हणालात, "दृष्ट लागली. त्या मडमा टकामका बघत होत्या ना!"

त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही येईल त्याला सांगत राहिलात, "माझ्या दारात देवमणाचं शिंगरू जन्मलं होतं." कसं मेलं, ते एकदाही सांगितलं नाहीत. म्हणून तुम्ही जाणकार. बाजारातला तो म्हातारा अजून ते खरं मानतो.

मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा पहिली गोष्ट बंद केली ती वर्षभराच्या हजेरीचं बक्षीस. बाकीच्या शिक्षिका चिडल्या, कारण विचारलं. मी म्हटलं, कपाटात जागा नाही. खरं कारण कुणाला सांगितलं नाही, ते इथे लिहिते. तुम्ही खाडीकडे गेल्यावर आई कळशी उचलून माझ्यापाशी आली. "मी विहिरीवर चाललेय," ती म्हणाली, "मी काय बघितलं नाय." आणि तिला कळशी भरायला कधी नव्हे एवढा वेळ लागला. मी बांबूखालून पलीकडे गेले. दाव्याचं मोकळं टोक माझ्या हातात होतं. तुम्ही मला माराल ही भीती होती, पण ती रोजचीच होती. सोडलं तर शिंगराला धरून उभं राहावं लागणार, अंग माखणार, अंघोळ करावी लागणार, आणि त्या वर्षात माझा शाळेचा एकही दिवस चुकला नव्हता. मी टोक न ओढताच हातातून टाकलं, दप्तर घेतलं आणि वेळेवर पोचले. बक्षिसात शिवणाची पेटी मिळाली. ती अजून माझ्याकडे आहे. एकदाही वापरलेली नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाला असता, "मग इतकी वर्षं माझ्यावर कशाला ओरडतेस गो?" तुम्हाला पत्र पोचवायची काही सोय नाही, ते एक बरं आहे.