माझ्या खोलीतला पाव

२ सप्टेंबर, सोमवार
नात पाचवीत आहे. तिच्या विज्ञानाच्या बाई म्हणतात, लिहून ठेवलं नाही ते घडलंच नाही. म्हणून तिची गेल्या वर्षीची अर्धी कोरी वही मी घेतली. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण पुराव्यापुरतं लिहिता येतं.

काल सुनेने माझी खोली टेपने मोजली. खिडकीखाली टेबल बसेल, असं पुटपुटली. तिचं ऑफिस सध्या जेवणाच्या टेबलावर चालतं. आणि आज नातीने प्रयोग काढला. पावाला बुरशी कुठे लवकर येते? तीन पिशव्या, प्रत्येकीत एक स्लाइस. एक स्वयंपाकघरात, एक आईबाबांच्या खोलीत, एक माझ्या खोलीत. माझ्याच का, विचारलं. म्हणाली, आजी, फक्त जागा बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं.

काल टेप, आज पाव. मी संशयी नाही, पण योगायोग असे लागोपाठ येत नाहीत. माझ्याकडे बुरशी आधी आली की खोलीत ओल ठरणार. ओल ठरली की माझ्या तब्येतीची काळजी सुरू होणार. मग माझा पलंग नातीच्या खोलीत आणि सुनेचं टेबल माझ्या खोलीत.

खोली सोडणार नाही. खाली सही केली आहे.

३ सप्टेंबर
नातीने आधीच अंदाज लिहून टाकला: आजीच्या खोलीत आधी. का, तर भिंतीचे पोपडे निघालेत. कोणी शिकवलं, विचारलं. म्हणाली, कोणी नाही, हात लावून बघितलं. दहा वर्षांची पोर आपणहून भिंतीला हात लावते? पोपडे म्हणजे ओल नाही. जुना रंग आहे. माझेही निघालेत, मला काय ओल आली?

ठराव: पिशवीला हात लावायचा नाही.

४ सप्टेंबर
पिशवी उघडून वास घेतला. भांडी घासून आले होते, हात ओले होते. पण हात लावणं वेगळं, हात लागणं वेगळं.

संध्याकाळी नातीला आणायला गेले तेव्हा बाईंना गाठलं. मार्क कशाला, विचारलं. तर प्रश्नाला, अंदाजाला, एका वेळी एकच गोष्ट बदलण्याला, दिसलं तसं लिहिण्याला. आणि बरोबर उत्तराला? बाई हसल्या. उत्तराला नाहीत म्हणाल्या, अंदाज चुकला तरी पूर्ण मार्क मिळू शकतात.

म्हणजे बाईंनाच उत्तर माहीत नाही. पगार मात्र बरोबर येत असेल.

६ सप्टेंबर, दुपारी २.१०
माझ्या स्लाइसवर हिरवा ठिपका. तिळाएवढा. बाकी दोन्हीकडे पांढरंशुभ्र.

नात चारला येते. सून फोनवर मीटिंगमध्ये, पाठ माझ्याकडे. पिशव्यांवर नावं आहेत, पावावर नाहीत. माझा स्लाइस मुलगा-सुनेच्या पिशवीत घातला, त्यांचा माझ्या. याला खोटेपणा म्हणत नाहीत. अन्याय होण्याआधीच निवारला, इतकंच.

संध्याकाळी नातीने लिहिलं: आईबाबांची खोली, ठिपका एक. सुनेचं तोंड बघण्यासारखं झालं. मी म्हटलं, अगं, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नकोस.

८ सप्टेंबर
मुलाने स्वतःच्या खोलीतलं कपाट ओढून भिंत हुंगली. मी चहा दोनदा घेतला.

नात रोज स्लाइसचं चित्र काढते, आज जुनी चित्रं पुन्हापुन्हा उलटत होती. मग विचारलं, आजी, पाव चालतो का? म्हटलं, चालतो की, चहाबरोबर. हसली नाही. हाताने पान झाकून काहीतरी लिहिलं. एवढ्याशा पोरीला हा संशयीपणा कुठून आला? आमच्या घरात कोणाला ही सवय नाही.

१० सप्टेंबर
त्यांच्या पावाला दाढी फुटली. माझा पांढरा. मुलाने जेवताना जाहीर केलं, आमच्या खोलीत ओल आहे, आजीची खोली घरात सर्वांत कोरडी. मी मान खाली घालून जेवले. जिंकल्यावर मिरवू नये.

११ सप्टेंबर
सून म्हणाली, आई, कॉम्प्युटरला कोरडी जागा लागते. तुमचीच सर्वांत कोरडी आहे, आता तर प्रयोगानेच दाखवलं. टेबल शुक्रवारी येईल. तुम्ही नातीच्या खोलीत झोपाल ना?

हात दाखवून अवलक्षण.

रात्री जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही. नोंद करून ठेवते.

१२ सप्टेंबर
नवा बेत. माझ्या खोलीत ओल हवी.

मुलाला म्हटलं, अरे, माझी भिंत गार लागते हल्ली. तो म्हणाला, आई, तूच वर्षभर सांगतेस की ओल नाही. म्हटलं, परवापासून आली. तो म्हणाला, पोरीच्या वहीत पुरावा आहे.

पुरावा हवा ना? सकाळी एक चमचा पाणी पिशवीत. दुपारी अर्धा.

१३ सप्टेंबर
टेबल आलं. पाव अजून पांढरा. निर्लज्ज. टेबल हॉलमध्ये ठेवायला लावलं. म्हटलं, शुक्रवारी सामान हलवणं मला चालत नाही. कधीपासून, सुनेने विचारलं. आजपासून.

पाणी: तीन चमचे.

१४ सप्टेंबर, शनिवार
नात आज फार प्रेमात. सकाळी नऊला मला घेऊन निघाली. मुलगा गाडी चालवायला. आधी वाचनालय, मग चष्म्याचं दुकान, मग बाग. पाय दुखले तरी घरी सोडेना. आजी, आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ. सून घरीच राहिली. रक्ताचं नातं ते रक्ताचं.

एक आहे, आल्या आल्या बूट न काढता माझ्या खोलीत पळाली आणि घड्याळात बघून काहीतरी लिहिलं.

१५ सप्टेंबर
आज ती आईला घेऊन बाहेर गेली. मी एकटी. चार चमचे.

१६ सप्टेंबर
अखेर! हिरवी, काळी, मधे पिवळी. दारातूनच मुलाला दाखवली. बघ, ओल!

त्याने बघितली आणि माझा पलंग उचलला. म्हणाला, आई, अशा हवेत तुला एक दिवस ठेवणार नाही, खोकला होईल. मी म्हटलं, मला खोकला नाही. तो म्हणाला, होईल.

कोरडी तर टेबलाची, ओली तर खोकल्याची. माझी कधी?

उद्या भिंत बघायला रंगारी येणार. तो खरं सांगेल. माझी आशा आता रंगाऱ्यावर.

१७ सप्टेंबर
रंगाऱ्याने भिंतीला यंत्र लावलं. म्हणाला, आजी, भिंत कोरडी ठणठणीत, फक्त रंग जुना आहे. त्यांच्या खोलीचीही कोरडी.

मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते! सर्वांसमोर म्हटलं तसं. सून म्हणाली, बरोबर होतं तुमचं, आई. आणि टेबल आत नेलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
शाळेत मुलांनी आपापले प्रयोग सांगायचे होते. पहिल्या रांगेत बसले, नवा चष्मा लावून. नातीने तक्ता उलगडला. वर मोठ्या अक्षरांत: आमच्या घरात पाव चालतो का?

पहिलं चित्र, कोपरा तुटलेला स्लाइस माझ्या खोलीत. दुसरं चित्र, तोच तुटका कोपरा आईबाबांच्या खोलीत. म्हणाली, पिशव्या जागेवर, पाव हलला. मग पिशवीत पाणी यायला लागलं. पहिला अंदाज होता, आई करते. पण शनिवारी आजीला दिवसभर बाहेर ठेवलं, आई घरी होती, पाणी वाढलं नाही. रविवारी आईला बाहेर नेलं, आजी घरी होती, पाणी वाढलं. एका वेळी एकच माणूस बदलला.

बाईंनी विचारलं, मग आजीला सरळ का नाही विचारलंस? म्हणाली, आजीने सांगितलं नसतं. म्हणून बघत राहिले.

सगळा हॉल हसला. मागच्या रांगेतले एक आजोबा तर उभे राहून बघत होते.

बुरशी कुठे लवकर येते, ते कळलंच नाही, पिशव्या उघडल्यामुळे प्रयोग बिघडला, असंही तिने खाली लिहिलं होतं. वीसपैकी वीस.

मुलगा गाडीत म्हणाला, आई, खोली हवी होती तर सांगायचं ना. मी म्हटलं, कोणाला हवी होती? टेबल आत गेलेलं होतं.

२२ सप्टेंबर, रविवार
नातीच्या खोलीत. वरचा पलंग तिचा, खालचा माझा.

तिने नवीन वही सुरू केली आहे. बाईंनी सांगितलं, आता आणखी अवघड प्रश्न घे. टेबलाशी बसून माझ्याकडे बघते, दोन ओळी लिहिते, पुन्हा बघते. कसला प्रयोग, विचारलं. म्हणाली, सांगितलं तर तू बदलशील, आजी.

तासभर झाला. नाक खाजतंय. हात उचलला नाही.