सहीखालची ओळ

तीर्थरूप आईस,
युद्धकैद्यांच्या छावणीतून महारुद्रचा नमस्कार.

पायाची जखम भरत आली आहे. भाकरी नसते, पण जेवण दोन वेळा मिळते.

धाकटी अपेक्षा हे वाचून दाखवेल तेव्हा तुला वाटेल, मानवतच्या कुण्या मास्तरांनी लिहिले. पण माझेच आहे. इथे प्रत्येक पत्र आधी मशीन वाचते. आपल्या बोलीतले पहिले पत्र त्याला कळले नाही, म्हणून परत आले.

हुरडा सुरू झाला का? आगटीपाशी तू कणीस चोळून गरम दाणे माझ्या तळहातावर ठेवायचीस. इथल्या थंडीत मी अजून तळहात उघडून बघतो.

सहीखाली एक ओळ आपल्या बोलीत लिहू द्या, असे साहेबांना विनवले. ते हो म्हणाले.

तुझा,
महारुद्र

आये, मी यायलोय.