पुढची खोली

सातारा,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

शिवांजली,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' सवयीनं पडलं हातातून. खोडता येतं, पण खोडत नाही. तू आणि कोरेगावची मंडळी खुशाल असाल. मीही खुशाल. आई शिराळ्यालाच असते, गुडघे दुखतात, बाकी बरं. झाली खुशाली.

कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. उद्या ऑफिसचा माणूस तुमची सहलीची फाईल घेऊन येईल. हा कागद त्यातल्या 'महिलांनी सोबत न्यायचे सामान' या यादीमागं टाचलाय. तुझे वीरधवलराव सगळं उघडतील, ती यादी उघडणार नाहीत.

परवा शनिवारी तुम्ही तिघं आमच्या ऑफिसात शिरलात, तेव्हा मी काउंटरखाली वाकून प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढत होतो. वर आलो तर समोर तू. हिरव्या बांगड्या, शेजारी नवरा, मागं तुझे सुभेदार वडील, मिशीसकट. मला वाटलं, आता ही दचकणार. कसली दचकतेस! म्हणालीस, "दादा, जरा जहाजाची माहिती हवी होती."

दादा!

तुझ्या वडिलांनी मला ओळखलं नाही. ओळखतील कसे? माझं नाव तू घरात कधी घेतलंच नाहीस. सुभेदार साहेब खुर्ची ओढून बसले नि म्हणाले, "जावयाचा पहिला दिवाळसण हाय. अंगठी समदेच घालत्यात. आमी जोडीला समुद्रावर धाडणार. लय भारी असंल ती कंपनी सांग."

मी तीन कंपन्यांच्या पुस्तिका पसरल्या. पहिलीचं जहाज म्हणजे पाच हजार माणसांचं तरंगतं गाव. वडील म्हणाले, "ही तर जत्रा झाली. जत्रा आमच्या आटपाडीत बी भरती." दुसरीत रात्री कोट-टाय घातल्याशिवाय जेवायला घेत नाहीत. वीरधवलरावांनी गळ्याला हात लावला. "लग्नात एकदा आवळून घेतलाय. बास." सगळे हसले. तूही हसलीस, आणि ते हसणं मला नवीन होतं. तिसरीचं जहाज छोटं, साडेतीनशेच माणसं. प्रत्येक खोलीला गॅलरी, हाक मारली की माणूस हजर, सांगाल तसं जेवण.

"ह्यात महाग कंची?" वडिलांनी विचारलं. मी तिसरी पुढं सरकवली.

मग तू बोललीस. "मला गाडी लागते. पुढची खोली मिळेल का, दादा?" वीरधवलराव म्हणाले, "पुढची आणि वरची. समोर नुसता समुद्र."

मी म्हटलं, "मिळेल की." आणि दिली.

गाडी लागते त्यानं पुढं बसायचं, हे तुला कुणी शिकवलं गं? दुसऱ्या वर्षाच्या सहलीला, कुंभार्ली घाटात, ड्रायव्हरमागची सीट मी भांडून मिळवली होती. एका हातात तुझी पिशवी, दुसऱ्या हातात लिंबू. घाटाखालच्या शेंबड्या पोरालाही हा नियम ठाऊक असतो. जहाजाला तो लागू नाही. जहाजाचं नाक लाटेवर चढतं आणि आपटतं. जितकं पुढं आणि जितकं वर, तितका हेलकावा जास्त. ज्याला त्रास होतो त्यानं खाली, बरोब्बर मध्यात राहायचं. शिवाय छोटं जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं, आणि नोव्हेंबरअखेर, तुम्ही जाल तेव्हा, भूमध्य समुद्रावर वारं उठलेलं असतं. आमचे मालक रसूलचाचा, त्यांनी पहिल्याच महिन्यात मला हे शिकवलं. म्हणजे शनिवारी मला सगळं ठाऊक होतं.

आठ दिवस तू आडवी पडून ओकशील आणि तो गॅलरीत एकटा कॉफी पिईल. शनिवारपासून जेवायला बसलो की मी हे बघतो. जेवण गोड लागतंय.

तू म्हणशील, एका 'दादा'साठी एवढं?

दादासाठी नाही. सांगलीला कॉलेजात प्रिन्सिपलांच्या खोलीत पाच जण माझ्या चौकशीला बसले होते, त्या दिवसासाठी. वर्गातला तो यशराज तुझ्याबद्दल जे बोलला ते मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, आज लिहिणारही नाही. त्याचा जबडा मी मोडला. त्याची शिक्षा कबूल. पण त्यांनी तुला विचारलं, "हा मुलगा तुझ्या ओळखीचा आहे का?" तू टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत म्हणालीस, "वर्गात असेल. मी ओळखत नाही."

सगळ्यांना वाटतं, मला काढलं. काढलं नव्हतं. एक वर्षानं परत ये म्हणाले होते. मीच गेलो नाही. जिथं तू मला ओळखत नाहीस तिथं कुठल्या बाकावर बसू?

तर आता ऐक. खोली या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत बदलता येते. ऑफिसात फोन कर. दादा नको, साहेब नको. "साईराजला द्या" म्हण, आणि नवऱ्यासमोर म्हण. तो विचारेल कोण साईराज, तर सांग कोण ते. मी त्याच मिनिटाला खोली बदलतो. नाहीतर जा पुढं. लिंबू तेवढं आठवणीनं ने, तिकडं मिळायचं नाही.

तुझ्या ओळखीत नसलेला,
साईराज


सातारा,
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५, सायंकाळ

शिवांजली,

नमस्कार. खोलीचा नवा कागद छापून निघालाय, त्याच पाकिटात हे पत्र आहे. यादीमागं लपवलेलं नाही. वीरधवलरावांनी वाचलं तरी चालेल.

आज सकाळपासून मी फोनशेजारून हललो नाही. रसूलचाचा दोनदा म्हणाले, "काय रं, फोन उबवतोस काय?" चार वाजता फोन वाजला नाही, दार वाजलं. तू, आणि मागं तो.

तू बसलीसुद्धा नाहीस. त्याला म्हणालीस, "हा साईराज. मी सांगितलं तो. माझ्यावरनं ह्यानं मारामारी केली आणि मी ह्याला ओळखत नाही म्हटलं." मग माझ्याकडं वळलीस. "बाबांना कळलं असतं तर त्याच दिवशी माझं कॉलेज बंद होऊन मला आटपाडीला नेलं असतं. दोघांतल्या एकाचंच कॉलेज वाचणार होतं. मी माझं वाचवलं. आणि तुला मारायला मी सांगितलं नव्हतं, साईराज."

नाव घेतलंस. पण असं घेशील हे मी धरलं नव्हतं.

मी मुठी आवळून उभा. आता हा गडी अंगावर येणार, येऊ दे, मला ते हवंच होतं. तर तो म्हणाला, "चहा मिळंल का हो हितं?" काय करावं असल्या माणसाचं!

मी म्हटलं, "खोली बदलतो."

"नको," तू म्हणालीस. "पुढचीच राहू दे. आठ दिवस ओकते. मग आपली फिटंफाट. पुन्हा माझ्या नावानं तुला जेवण गोड लागायला नको."

वीरधवलराव घाबरले. "अगं पण त्या खोलीत मी बी हाय की."

"तुम्ही बादली धरा."

आणि गेलीस. चहा येईपर्यंतही थांबली नाहीस. चाचांनी तिन्ही कप माझ्यापुढं ठेवले नि म्हणाले, "पोरीनं तुला धुवून वाळत घातला, गड्या."

त्यानंतर मी पाऊण तास त्या स्क्रीनपुढं बसलो. फिटंफाट. तू पुढच्या खोलीत आडवी पडायची, बादली भरायची, आणि नवव्या दिवशी बोटीवरून उतरताना तोंड पुसून म्हणायचं, झालं, संपला साईराज. एवढं स्वस्तात? दोन वर्षं मी जे पोटात घेऊन हिंडलो ते तू आठ दिवसांत ओकून टाकणार?

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी खोली बदलली. चौथा मजला, बरोब्बर मध्यात. तिथं काठोकाठ भरलेला पेला ठेवला तरी सांडत नाही म्हणतात. कळवळा आला म्हणून केलं असं समजू नकोस. तू ताठ उभी राहशील, गरम जेवशील, नवऱ्याशेजारी उभी राहून तिकडची गावं बघशील. आणि रोज एकदा, अगदी हसता हसता, तुला आठवेल की पोटातलं पाणी हलत नाही ते कुणी हलू दिलं नाही. तू फेडायला आली होतीस. मी फेडून घेत नाही.

आता चाचांना विचारून खोली परत बदलायची खटपट करू नकोस. पाच वाजून गेलेत.

दोघांना दिवाळीच्या शुभेच्छा. सुखरूप जा, सुखरूप या.

फिटंफाट नामंजूर असलेला,
साईराज