उजेडात धरलेली बाटली

प्रिय सरिता,

फोनवर हे बोलता आलं असतं. पण फोनवर तू आधी हसतेस, मग जेवलीस का विचारतेस, आणि मी मूळ विषय सोडून देते. म्हणून लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य केंद्रातला डीप फ्रीझर दुरुस्त करायला मी आले होते. तू पाड्यावर गेली होतीस. काम संपल्यावर सवयीने लसीचा फ्रिजही तपासला. आश्रमशाळेतल्या लसीकरणाहून परत आलेली, न उघडलेली टीडीची एक बाटली बाजूच्या डब्यात होती. हलवून ठेवली, तर गाळ लगेच तळाशी बसला. त्याच बॅचची दुसरी बाटली मुद्दाम गोठवली, वितळू दिली आणि दोन्ही हलवून शेजारी ठेवल्या. फरक नव्हता. म्हणजे तू मुलांना दिलेली लस वाटेतच गोठली होती. घटसर्प आणि धनुर्वाताची ही लस एकदा गोठली की मेली. टोचली तर अपाय नाही, पण उपयोगही नाही.

कसं झालं असेल ते मला कळलं. ऑक्टोबरचं ऊन, घाटाचा रस्ता, मोटरसायकल. लस तापू नये म्हणून तू आइसपॅक फ्रीझरमधून काढून तसेच लस न्यायच्या डब्यात, कॅरिअरमध्ये लावलेस. ते बाहेर ठेवायचे, त्यांना घाम फुटून आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचं, हे आपण नाशिकच्या प्रशिक्षणात एका बाकावर बसून शिकलो होतो. तेव्हाच तू भर वर्गात म्हणाली होतीस, "हिचं मन पण लसीसारखं दोन ते आठ डिग्रीत ठेवलेलं आहे. वर नाही, खाली नाही." सगळे हसले. मीही हसले. तोपर्यंत मला कोणी चिडवलंच नव्हतं.

या चुकीबद्दल मी तुला एक शब्दही बोलले नसते. मुलांच्या राहून गेलेल्या लसी पूर्ण करायला तू काय केलंस ते मला माहीत आहे. आईबाप द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीकडे निघायच्या आत तू पाड्यापाड्यावर फिरलीस. सुईने पोर लुळं पडतं म्हणणाऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्याच बोलीत त्यांची समजूत काढलीस. मी गेले असते तर मला पाणीही कोणी विचारलं नसतं. तू त्यांच्यातली, म्हणून ते हो म्हणाले.

लसीकरण झालं त्याच आठवड्यात तू भावाच्या चांगुणाला घेऊन आमच्याकडे सातपूरला आली होतीस. शाळेत लस दिली त्या दिवशी ती तापाने फणफणली होती, म्हणून तिची तेवढी राहिली, असं म्हणालीस. मी अर्धी रजा टाकली आणि तुम्हाला घराजवळच्या दवाखान्यात नेलं. मला मुलांशी बोलता येत नाही, पण तिने वाटभर माझं बोट सोडलं नाही. सुई पाहून ती म्हणाली, "आत्या, आता ह्या हाताला का?" तू तिला पटकन जवळ ओढलंस. मला वाटलं, पोर घाबरली. घरी माझ्या आईने तिला शिरा खाऊ घातला. निघताना तू म्हणालीस, "तू होतीस म्हणून झालं गं." हे वाक्य मी बरेच दिवस जपून ठेवलं होतं.

बाटली सापडल्यावर कॅरिअर तिथे कुठे ठेवला होता ते बघायला मी आश्रमशाळेत गेले. स्वयंपाक करणारी चिमणाबाई बोलायला लागली की थांबत नाही. म्हणाली, "तुमची सरिताताई लय येळ बाटली हलवत होती. उजेडाला धरायची, परत हलवायची. मी म्हनलं, ताई, ताक घुसळती का काय? हसली पन नाय." आणि मग, "चांगुणाला तर पयलीच टोचली. आत्याच टोचनारी, मंग काय."

मी तिचा चहा संपवला आणि बाहेर येऊन उभी राहिले.

म्हणजे तुला तो गाळ दिसला होता. रांग उभी होती, सगळे पुन्हा जमणार नाहीत, वरून विचारणा होईल, हे सगळं मी तुझ्या बाजूने धरून पाहिलं. तेवढंच असतं तर मी गप्प राहिले असते, असंही वाटतं. पण नंतर तू चांगुणाला सातपूरच्या बसमध्ये बसवलंस. तिच्या मागे उभ्या असलेल्या पोरांना आत्या नव्हती. त्यांच्या आयांना मात्र तू सांगितलंस, आता काळजी नाही.

मी तुमच्या केंद्राच्या डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, शंभर टक्के लसीकरण झालं असं वर कळवून झालंय. सोळाव्या वर्षी पुढचा डोस आहेच की." तोपर्यंत घटसर्पाला थांबा असं कोण सांगणार, मी विचारलं. ते म्हणाले, चहा घ्या.

म्हणून काल मी जिल्ह्याला लेखी अहवाल दिला. त्यात चांगुणाचं नाव नाही. तुझं आहे. नोटीस यायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मुलं दिवाळीला घरी जाऊन आईबापांबरोबर द्राक्षबागांत पांगायच्या आत, येत्या गुरुवारी मी चांगली लस घेऊन येते आहे. टोचायला दुसरी नर्स असेल. पण एकदा टोचलेल्या पोराला पुन्हा का टोचता, हे पालक विचारतील, आणि ते माझं ऐकणार नाहीत. तू ये. पहिली लस वाया गेलेली होती आणि ते तुला ठाऊक होतं, हे त्यांना तुझ्या तोंडून, तुमच्या बोलीत सांग. ते ऐकल्यावर पोरांना पुन्हा रांगेत उभं करतील की तुझ्यासकट आम्हा सगळ्यांना हाकलून देतील, मला सांगता येत नाही. तू आली नाहीस, तर मात्र एकही पोर उभं राहणार नाही.

अजून तरी तुझीच,
स्वरदा