बाबांनी दिवा लावला तेव्हा

तीर्थस्वरूप थोरल्या मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांतलं एक अंग वजा धरावं.) तुझा गुडघा, तुझी झोप आणि वरच्या मजल्यावरचे खुर्च्या ओढणारे शेजारी कसे आहेत ते कळव. आई बरी आहे. आधी फिरून घर चालवायची, इस्पितळातून आल्यापासून पलंगावर बसून चालवते, एवढाच फरक.

आता त्या रोलचं. बाबांनी फोनवर सांगितलेल्या हकिकतीवरून तुझा समज झाला असेल की फोटो मी घालवले. म्हणून नीट लिहितो. उभा जन्म मी परक्यांच्या लग्नांचे फोटो काढले, एकाही गिऱ्हाइकाचा रोल वाया गेला नाही. (जे गेले असते तर बरं झालं असतं असं पुढे खुद्द नवरानवरीला वाटलं, तेही छान आले.) गेला तो हा एकच. आणि त्यात कोण, तर तू आणि धाकटी मावशी! आजीच्या शिलाई मशीनवरून इतकी वर्षं अबोला धरलेल्या तुम्ही दोघी आईला बघायला एकाच दुपारी येऊन थडकलात, तिच्या खोलीत खुर्ची नाही म्हणून पलंगावर टेकलात आणि कशावरून तरी पोट धरधरून हसत सुटलात. मी कॅमेरा खाली ठेवला नाही, अगदी तुम्ही जिना उतरेपर्यंत. आईने त्याच संध्याकाळी समोरच्या भिंतीत खिळा ठोकून घेतला.

माझ्या डार्करूमचं छत गळत होतं आणि हा रोल दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होईना, म्हणून घरीच धुवायचं ठरवलं. यात अवघड काही नसतं. मिट्ट काळोखात फिल्म डबीतून ओढत रिळावर गुंडाळायची, रीळ टाकीत घालून झाकण लावायचं. मग बाहेर सूर्य उगवो नाहीतर मावळो. आमच्याकडे खिडकी नसलेली खोली एकच, बाथरूम. दाराच्या फटीला टॉवेल लावून मी स्टुलावर बसलो. दार उघडू नका, असं घरात सगळ्यांना बजावलं होतं. दार कोणी उघडलंही नाही. पण आमच्या बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेर पॅसेजमध्ये आहे. तेही माझ्या लक्षात होतं, फक्त बाबा घरात असताना दिव्याची भीती ती काय? ज्या माणसाने जन्मभर आमच्या मागे फिरून दिवे बंद केले (मी वाचत असताना, आई सुई ओवत असताना आणि एकदा डॉक्टर तिचा घसा तपासत असताना), त्याने त्या दुपारी पहिल्यांदाच दुसऱ्यासाठी आपणहून दिवा लावला. मुलगा आत अंधारात बसलाय, हे त्यांना बघवेना. लख्ख उजेडात मी, माझ्या हातात फिल्मची वेटोळी आणि बाहेरून तृप्त आवाज, "दिसतंय ना आता?"

दिसत होतं. इतकं स्पष्ट मला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. तरी फिल्म धुतली, निघाली ती बाबांच्या छत्रीसारखी काळी. त्यांचं अजूनही म्हणणं आहे की चांगल्या वस्तूला उजेडाचं भय नसतं.

इथवर दैव, पुढचं तुम्हा बहिणींचं. फोटो गेल्याचं कळताच धाकटी मावशी म्हणायला लागली की हसली ती थोरली, मी फक्त बघत होते. तू तर आईला फोनवर सांगितलंस, "मी हसले नाही, मला उचकी लागली होती." पुरावा गेला आणि दोन्ही पक्ष फिरले. मशीन पुन्हा मध्ये येऊन बसलं. मोकळा खिळा बघून बाबांनी त्याला टोपी अडकवली, ती आईने काढायला लावली. म्हणाली, "राहू दे तो रिकामा." त्या दिवशी ती भिंतीकडे पाठ करून जेवली.

तेव्हा मावशी, माझं ठरलंय. रुसलेल्या व्याह्यांना एका सोफ्यावर बसवून हसवण्यात माझे केस पांढरे झालेत. तुम्ही तर घरच्या. येत्या रविवारी दुपारी यायचं, त्याच पलंगावर, त्याच बाजूला टेकायचं आणि हसायचं. हसू न आल्यास उचकी चालेल, फोटोत फरक कळत नाही. गुडघ्याचं कारण सांगू नयेस. मी स्वतः रिक्षा घेऊन येतोय आणि रिकामी परत नेणार नाही.

तुझा,
अजूनही अंधारावर विश्वास असलेला भाचा

ता.क. छत अजून गळतंय, त्यामुळे रोल पुन्हा बाथरूममध्येच. खरं काम तेव्हाच आहे. मी आत असेपर्यंत तू बटणासमोर खुर्ची टाकून बसायचंस. बाबा जगात फक्त तुला घाबरतात.

आणखी एक. हेच पत्र धाकट्या मावशीलाही गेलंय, उचकी तेवढी गाळून. बाबा जगात फक्त तिला घाबरतात, असं तिला लिहिलंय. खुर्च्या दोन टाकीन, पण पॅसेज अरुंद आहे. चिकटून बसावं लागेल.

शेवटचं. काल ती काळी फिल्म टाकून द्यायला घेतली तेव्हा दिसलं, दिवा लागला त्या वेळी तिचं शेवटचं टोक डबीतच होतं. तेवढा एक फोटो वाचलाय. तुम्ही जिना उतरताय, पाठमोऱ्या, आणि एकीने दुसरीचा हात धरलाय. (कोणी कोणाचा, ते मी कोर्टातही सांगणार नाही.) मोठा करून आईला दाखवला. तिने तो खिळ्याला लावून घेतला आणि म्हणाली, "पाठी झाल्या. आता तोंडं आण."